साथीला कोण? : अरेंजर कीबोर्डच्या निवडीविषयी

मराठी घरात ‘कॅसिओ’ हे आता एका जपानी कंपनीचे नाव उरलेले नाही. ‘डालडा’ आणि ‘झेरॉक्स’ ह्यांच्या रांगेत बसून ते केव्हाच सामान्यनाम झाले आहे. पट्ट्या असलेले आणि विजेवर चालणारे कोणतेही वाद्य म्हणजे कॅसिओ. ‘आम्ही यामाहाचा कॅसिओ घेतला’ हे वाक्य बोलणाऱ्याला खटकत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. विशेषनामाचे सामान्यनाम होते तेव्हा बोलण्याची सोय होते, पण काही भेद पुसलेही जातात. इथे पुसला गेलेला भेद महत्त्वाचा आहे. मुलासाठी, स्वतःसाठी किंवा कार्यक्रमांसाठी वाद्य घ्यायला निघालेला माणूस नेमके काय विकत घेतो आहे, हे त्या शब्दातून त्याला कळत नाही.

दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या ह्या वाद्यांत निदान तीन जाती असतात. पहिली डिजिटल पियानोची. त्यात बहुधा ८८ वजनदार पट्ट्या असतात आणि सारा भर पियानोच्या स्पर्शावर असतो. दुसरी सिंथेसायझरची. त्यात आवाज घडवता येतो, मोडता येतो, दुसऱ्यात मिसळता येतो. तिसरी जात अरेंजर कीबोर्डची. डाव्या हाताने एखादी कॉर्ड दाबली की हे वाद्य त्या कॉर्डला अनुसरून ढोल, बेस, गिटार, व्हायोलिनांचा ताफा अशी सगळी साथ आपण होऊन वाजवू लागते आणि वादकाच्या उजव्या हाताला फक्त चाल उरते. ह्या आयत्या साथीला ‘स्टाइल’ म्हणतात. तिचे ठरीव भाग असतात: सुरुवात, दोन-चार मुख्य प्रकार, मधली भरणी, शेवट. बटण दाबले की एका भागातून दुसऱ्या भागात जाता येते. घरोघरी ‘कॅसिओ’ म्हणून जे येते, ते बहुतेक वेळा ह्याच तिसऱ्या जातीचे असते.

साहित्याचा विचार करणाऱ्यांनी ह्या खरेदीच्या प्रश्नात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की साचा आणि निर्मिती ह्यांचा आपल्या ओळखीचा वाद इथे यंत्राच्या रूपाने समोर उभा आहे. वृत्त आयते असते, ओवीचा आकृतिबंध आयता असतो, कीर्तनाची पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणीही आयतीच असते. तरीही त्यांतून लिहिणारा आणि गाणारा स्वतःचे काही उभे करतो. मग आयत्या साथीबद्दलच कुरकुर का करावी? की तिच्यात आणि वृत्तात काही मूलभूत फरक आहे? ह्या प्रश्नाला सामोरे गेल्याशिवाय कोणता कीबोर्ड घ्यावा हे ठरवता येत नाही, असे मला वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे: अरेंजर कीबोर्डची निवड त्यात किती आवाज आणि किती ठेके भरले आहेत ह्यावरून करू नये. त्यातली आयती साथ आपल्याला कितपत बदलता, थांबवता आणि नाकारता येते, ह्यावरून करावी.

ह्या वादाला आपल्याकडे जुनी पार्श्वभूमी आहे. आज जिला आपण अगदी आपली म्हणून ‘पेटी’ म्हणतो, ती हार्मोनियम मुळात परकी. अलेक्झांडर दबॅं ह्याने १८४२ साली पॅरिसमध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी १८७५च्या सुमारास तिला मांडी घालून वाजवता येईल असे रूप दिले. उभे राहून वा खुर्चीवर बसून पायांनी भाता मारण्याऐवजी डाव्या हाताने भाता ओढायचा आणि उजव्या हाताने वाजवायचे, हा बदल वरवर सोयीचा दिसतो. त्याने ती आपल्या बैठकीत आली. तरीही तिच्यावरचे आक्षेप संपले नाहीत. तिचे सूर ठरलेले, दोन सुरांमधली जागा तिला माहीत नाही, मींड निघत नाही, श्रुती सांभाळल्या जात नाहीत. रवींद्रनाथांचा तिला असलेला विरोध प्रसिद्धच आहे. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. एवढी तीन दशके सरकारी ध्वनिक्षेपणातून हद्दपार राहूनही ती महाराष्ट्राच्या नाट्यगृहांतून, कीर्तनांतून, भजनी मंडळांतून आणि गाण्याच्या क्लासांतून हलली नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

ती का हलली नाही? माझ्या मते त्याचे कारण वादकांनी आणि कारागिरांनी तिच्याशी घातलेल्या हुज्जतीत आहे. गोविंदराव टेंबे ह्यांच्यासारख्या वादकाने भास्करबुवा बखल्यांची साथ करताना पेटीला गळ्याच्या मागे कसे चालायचे ते शिकवले. पुढच्या पिढ्यांनी बोटे पट्टीवरून न उचलता सूर जोडत नेण्याची रीत बसवली, जेणेकरून मींड नसली तरी मींडेचा भास व्हावा. सूर लावणाऱ्या कारागिरांनी धातूच्या पत्त्या घासून गंधार उतरवून दिला आणि त्या लावणीला ‘गंधार ट्यूनिंग’ असे नावही मिळाले. म्हणजे पेटी आपली झाली ती नुसत्या सवयीने झाली नाही. ती उघडता येत होती, घासता येत होती, दुरुस्त करता येत होती, आणि तिच्या मर्यादेवर हाताने उपाय करता येत होता.

योगायोग असा की आज अरेंजर कीबोर्डसाठी सर्वांत परिचित असलेले एक नाव ह्याच कुळातून आले आहे. तोराकुसू यामाहा ह्यांनी १८८७ साली जपानच्या हमामात्सू गावातल्या एका शाळेचा बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला आणि तिथून त्यांच्या वाद्यनिर्मितीला आरंभ झाला. एक पेटी उघडून पाहण्यातून जी परंपरा सुरू झाली, तिच्या आजच्या वाद्याच्या बाबतीत आपण विचारायचा पहिला प्रश्नही तोच असावा: हे उघडता येते का? अर्थात इथे उघडणे म्हणजे स्क्रू काढणे नव्हे. आत भरलेले सूर, ठेके आणि साथीचे थर वादकाच्या इच्छेने बदलता येतात का, असा त्याचा अर्थ.

पेटीवरचे दोन जुने आक्षेप, म्हणजे ठरीव सूर आणि मींडेचा अभाव, कीबोर्डलाही लागू आहेत. त्यांतला पहिला आकड्यांत मांडता येतो. सप्तकाचे १२०० सेंट मानले तर कीबोर्डचा शुद्ध गंधार ४०० सेंटांवर असतो. तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटांवर असतो. म्हणजे कीबोर्डचा गंधार जवळजवळ १४ सेंट चढा. धैवत ५:३ ह्या प्रमाणात धरला तर तोही सुमारे १६ सेंट चढा. पंचमात आणि मध्यमात फरक जेमतेम २ सेंटांचा, म्हणून ते खटकत नाहीत. एकट्या कीबोर्डवर सिनेमाचे गाणे वाजवताना हा चढा गंधार कोणाला जाणवणार नाही. पण शेजारी तंबोरा लावून भूप किंवा यमन वाजवून पाहा, गंधारावर थांबताच कान अस्वस्थ होतो. गाणे शिकणाऱ्या मुलाने रोज ह्याच गंधाराला सूर मिळवला, तर त्याचा गळाही तिथेच बसण्याचा धोका आहे.

ह्यावर उपाय आहे, आणि तो आपल्यासाठी केलेला नव्हता हे गमतीचे आहे. अरबी संगीतात पाव स्वरांची गरज असते, त्यामुळे त्या बाजारपेठेसाठी यामाहा, कोर्ग, रोलंड ह्यांच्या वरच्या दर्जाच्या अरेंजरमध्ये प्रत्येक स्वर सेंटांच्या हिशेबात वरखाली करण्याची सोय दिली गेली. ‘स्केल ट्यून’ किंवा तत्सम नावाने ती मिळते. तिच्या आधारे गंधार आणि धैवत उतरवता येतात. पत्ती घासण्याचे जे काम कारागीर करी, ते इथे यादीतला आकडा बदलून होते. मात्र खरेदीपूर्वी एक गोष्ट पाहावी. गायक काळी एक सोडून पांढरी चार मागू लागला की ह्या लावणीचा आधारस्वरही हलवावा लागतो. ते एका-दोन बटणांत होते की पाच पाने उलटावी लागतात, हे दुकानातच करून पाहावे. मींडेसाठी डाव्या बाजूला चाक किंवा दांडी असते. तिने सूर ताणता येतो, पण डावा हात तिच्यावर गेला की साथीची कॉर्ड सुटते. हा पेच कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

इथे डाव्या हाताबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. पेटीचा डावा हात भाता ओढतो, म्हणजे वाद्याला श्वास देतो. शब्दावर जोर हवा तिथे भाता जरा दाबला जातो, ओळ संपताना सैल होतो. आवाजाची सगळी चढउतार त्या हातात असते. अरेंजरचा डावा हात कॉर्ड दाबतो, म्हणजे वाद्याला हुकूम देतो. पुढे काय, किती जोराने आणि कोणत्या नक्षीने वाजायचे, हे यंत्रात आधीच ठरलेले असते. पेटी वाजवणारा माणूस कीबोर्डकडे वळतो तेव्हा पट्ट्या तशाच दिसल्यामुळे त्याला वाटते की आपल्याला हे येते. खरे तर त्याचा अर्धा देह नव्याने शिकायचा असतो. म्हणूनच दाबानुसार लहानमोठा होणारा आवाज, ज्याला ‘टच रिस्पॉन्स’ म्हणतात, ही चैन समजू नये. भाता गेल्यावर श्वासाची जागा घेणारे दुसरे काहीच ह्या वाद्यात नाही. ज्या स्वस्त कीबोर्डमध्ये ती सोय नाही, तो कितीही आवाजांचा असला तरी घेऊ नये.

आता तिसऱ्या, नव्या आक्षेपाकडे येतो. तो साथीचा. आपल्याकडे साथसंगत हा ऐकण्याचा व्यवहार आहे. पेटीवाला गायकाच्या अर्ध्या श्वासामागे चालतो. हरदासी कीर्तनात बुवा बोलता बोलता पदात शिरतात आणि पदातून पुन्हा बोलण्यात येतात. केव्हा ठेका धरायचा आणि केव्हा सोडायचा, हे तबलजी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखतो. लावणीत ढोलकीवाल्याची नजर नाचणारीच्या पावलांवर असते. अरेंजर कीबोर्ड ऐकत नाही. त्याला डाव्या हाताची कॉर्ड तेवढी कळते. गाणारा एखाद्या शब्दावर रेंगाळला, श्वास चुकला, किंवा ऐकणाऱ्यांतून दाद आली म्हणून ओळ पुन्हा घ्यावीशी वाटली, तर ते त्याला समजण्याची सोय नाही. तो नेमून दिलेल्या लयीत पुढे जातो आणि गाणाऱ्याला मागे फरफटत यावे लागते.

जात्यावरच्या ओवीची इथे आठवण होते. जातेही एक यंत्रच आहे आणि तेही ओवीला लय पुरवते. पण त्या लयीचा उगम दळणाऱ्या बाईच्या हातात असतो. हात थकला की लय उतरते आणि ओवीही लांबते. वृत्ताचेही तसेच. वृत्त आयते मिळते, परंतु ते प्रत्येक ओळीत कवीच्या शब्दांनी नव्याने घडावे लागते, आणि वाचणारा त्यातला यती थोडा मागेपुढे करू शकतो. अरेंजरच्या स्टाइलमध्ये लय घड्याळाच्या मालकीची असते. माझा मुख्य आक्षेप ह्या मालकीला आहे.

त्यातून ह्या स्टाइलमागचे संगीतशास्त्रही आपले नसते. कॉर्ड बदलत जाण्यातून गाणे पुढे सरकते, असे ती गृहीत धरते. रागसंगीत आणि त्यावर पोसलेले नाट्यपद, अभंग, भावगीत एका अचल षड्जाभोवती फिरते. प्रत्येक मात्रागटात कॉर्ड बदलू लागली की चालीतला विसावा निघून जातो. तालाचेही तेच. चार-चारच्या मापातल्या स्टाइल शेकड्यांनी असतात, म्हणून केरवा भागतो आणि सहा मात्रांचा दादराही कसाबसा निभावतो. सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपताल शोधायला गेले की यादी एकदम रोडावते. आठ मात्रांचा भजनी ठेका आकड्याने केरव्याइतकाच, पण त्याचे वजन वेगळे. पाश्चात्त्य आठाच्या स्टाइलवर अभंग म्हणून पाहणाऱ्याला हा फरक लगेच कळेल.

हे दुर्लक्ष किती खोल आहे ह्याचा एक पुरावा देतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांची भाषा समजावी म्हणून १९९१ साली ‘जनरल मिडी’ हा संकेत ठरला. त्यात १२८ आवाजांची यादी आहे. १०५ व्या क्रमांकावर सतार आहे आणि ११२ व्या क्रमांकावर सनई आहे. तंबोरा नाही, पेटी नाही, आणि तालवाद्यांच्या वेगळ्या यादीत तबलाही नाही. म्हणजे भारतीय संगीताचे जे बाहेरून रंगतदार वाटते ते आत घेतले गेले. ज्या वाद्यांवर हे संगीत उभे राहते, ती बाहेर राहिली. साहित्याच्या अभ्यासकाला ही निवड अपरिचित वाटू नये. परभाषेतल्या संकलनांत आपल्या साहित्याचे असेच होताना आपण पाहिले आहे.

पुढे कंपन्यांनी भारतीय बाजार ओळखला. यामाहाने ‘पीएसआर-आय’ मालिका काढली, कॅसिओने नावापुढे ‘आयएन’ जोडलेली प्रतिरूपे काढली. त्यांत भारतीय आवाज आणि ठेके आले. यामाहाच्या पीएसआर-आय५०० मध्ये तर ‘रियाझ’ नावाची सोय आहे. तिच्यात फक्त तबला आणि तंबोरा वाजतो, कॉर्ड नसते. माझ्या दृष्टीने त्या वाद्याची जमेची बाजू त्याच्या शेकडो आवाजांत नाही. एवढ्या मोठ्या यंत्राला गप्प बसवून फक्त षड्ज-पंचम आणि ठेका मागता येतो, ह्यात ती आहे.

मग घरासाठी काय घ्यावे? घरात वाद्य येते ते बहुधा शिकण्यासाठी आणि गुणगुणण्यासाठी. त्यासाठी ६१ पूर्ण आकाराच्या पट्ट्या, टच रिस्पॉन्स, तंबोऱ्याची सोय, साथीतले थर एकेक करून बंद करण्याची मुभा आणि शक्य असल्यास स्वर उतरवण्याची सोय, एवढे पुरे. लहान मुलांसाठी म्हणून अरुंद पट्ट्यांचे खेळणे घेऊ नये, कारण बोटांना लागलेले चुकीचे अंतर पुढे मोडावे लागते. ६१ पट्ट्यांतला डावा भाग साथीला दिला की उजव्या हाताला सुमारे साडेतीन सप्तके उरतात. पेटीचा पल्लाही साधारण एवढाच असतो, तेव्हा गाण्याच्या साथीला ती कमी पडत नाहीत. ज्याला पाश्चात्त्य पियानो शिकायचा आहे, त्याने मात्र अरेंजरच्या वाटेला न जाता वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा. आणि ज्या मुलाला रागसंगीत गायचे आहे, त्याला चांगली सुरात लावलेली पेटी आणि तंबोरा हेच अधिक उपयोगाचे. तिथे अरेंजरची शिफारस करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

घरगुती खरेदीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आयती साथ नवशिक्याला फार लवकर समाधान देते. एका बोटाने कॉर्ड दाबायची, तिकडे वाद्यवृंद सुरू होतो, आणि दोन ओळी बऱ्या वाजल्या की घरचे टाळ्या वाजवतात. आनंद म्हणून त्यात काही वाईट नाही. पण चाल स्वतःच्या लयीत धरून ठेवण्याची शक्ती अशाने येत नाही, कारण ती धरण्याचे काम दुसराच करतो आहे. म्हणून शिकवणाऱ्याने पहिले काही महिने साथ बंद ठेवावी, मग फक्त ठेका लावावा, आणि कॉर्ड शेवटी आणावी. ज्या वाद्यात असे थर वेगळे करता येत नाहीत, साथ सगळी किंवा काहीच नाही असा मामला असतो, ते वाद्य शिकण्यासाठी निकामी समजावे.

कार्यक्रमांसाठीच्या निवडीत व्यवहाराचे मुद्दे आधी येतात. साथीचे सगळे थर वाजत असताना उजव्या हाताचे सूर मध्येच तुटू नयेत म्हणून एकाच वेळी किती सूर वाजू शकतात ते पाहावे. ३२ कमी पडतात, ६४ किंवा त्याहून अधिक असावेत. गाणे बदलताना आवाज, ठेका, लय आणि पट्टी एका बटणात बदलता यावी, म्हणजे ‘रजिस्ट्रेशन मेमरी’ पुरेशी हवी. ध्वनिव्यवस्थेला जोडण्यासाठी डावे-उजवे स्वतंत्र निर्गम हवेत. हेडफोनच्या छिद्रातून काढलेली वायर भर कार्यक्रमात खरखर करते. वजन पाहावे. एसटीने किंवा दुचाकीवरून प्रवास करणाऱ्या वादकाला दहा-बारा किलोचे वाद्य आणि सहा-सात किलोचे वाद्य ह्यांतला फरक पाठच सांगते. आणि जिथे विजेचा भरवसा नाही अशा गावांतून कार्यक्रम असतील, तर बॅटरीवर चालणारे वाद्य घ्यावे. अडॅप्टरची वायर कोणाच्या पायात अडकली, तर सगळा वाद्यवृंद एका क्षणात मुका होतो. रोलंडच्या एक्सपीएस-१०सारखे हलके सिंथेसायझर भारतीय मंचावर इतके का दिसले, ह्याचे एक कारण त्यांचे कमी वजन असावे. त्यात अरेंजरची आयती साथ नाही, पण ज्याच्या शेजारी ढोलकी आणि ऑक्टोपॅड वाजवणारी माणसे बसली आहेत, त्याला ती लागतही नाही.

ह्या शेजारी बसलेल्या माणसांचा प्रश्नच मला सर्वांत गंभीर वाटतो. अरेंजर घेतल्यावर एका माणसात पाच माणसांचे काम निघते, हे त्याचे आकर्षण आहे आणि हीच त्याची किंमतही. लग्नातले संगीत, सोसायटीचा गणेशोत्सव, हॉटेलातला गायक, शाळेचे स्नेहसंमेलन अशा ठिकाणी आयोजकाच्या हिशेबात बेस गिटार, तबला, ढोलकी ही माणसे खर्चाची बाब असतात. एक कीबोर्डवाला त्यांची जागा भरून काढतो म्हटल्यावर ती गळतात. ह्यात कीबोर्डवाल्याला दोष देणे अन्यायाचे होईल. त्यालाही घर चालवायचे असते, आणि पाच जणांचा मेहनताना त्याला एकट्याला मिळतो असेही नाही. पण छोट्या कार्यक्रमांतूनच साथीदार तयार होत असतो. तिथे त्याला जागा उरली नाही, तर मोठ्या मैफलीत ऐकत साथ करणारा माणूस कोठून येणार? तेव्हा कार्यक्रमासाठी अरेंजर घेणाऱ्याने असा घ्यावा की ज्यात तालवाद्यांचा थर पूर्ण बंद करून बेस आणि तंतुवाद्यांची साथ तेवढी ठेवता येईल. मग एक खरी ढोलकी तरी शेजारी बसू शकते. यंत्राने गैरहजर माणसाची जागा घेतली तर हरकत नाही. हजर माणसाला त्याने उठवू नये.

एवढे सगळे ऐकून कोणाला वाटेल की आयत्या साथीतून काही नवे निघूच शकत नाही, असे मी म्हणतो आहे. तसे नाही, आणि त्याला एक ठळक अपवादही आहे. कॅसिओने १९८१ साली ‘एमटी-४०’ नावाचा छोटा घरगुती कीबोर्ड काढला. त्यातला ‘रॉक’ नावाचा ठेका हिरोको ओकुदा ह्या नव्याने कंपनीत आलेल्या तरुणीने बसवला होता. तिने संगीताच्या पदवीसाठी रेगे ह्या जमैकन संगीतावरच प्रबंध लिहिला होता. चार वर्षांनी, १९८५ साली, जमैकात वेन स्मिथ ह्या गायकाने आणि किंग जॅमी ह्या निर्मात्याने तोच ठेका उचलला, त्याची लय उतरवली आणि त्यावर ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणे उभे केले. त्या एका गाण्याने जमैकाच्या लोकप्रिय संगीताची वाट बदलली आणि त्याच ठेक्यावर पुढे शेकडो गाणी झाली.

ह्या घटनेतून आयते ते वाईट हा निष्कर्ष मोडून पडतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिथे काय घडले ते नीट पाहावे. वादकांनी ठेका आहे तसा चालू देऊन त्याच्यामागून फरफटत जाणे पत्करले नाही. त्यांनी तो ऐकला, हळू केला, आणि ‘रॉक’ ह्या नावाखाली दडलेले आपल्या ओळखीचे काही त्यातून बाहेर काढले. यंत्रातला ठेका त्यांनी पत्ती घासावी तसा घासून घेतला. लय बदलण्याचे एक बटण एवढेच स्वातंत्र्य त्या स्वस्त वाद्यात होते, आणि तेवढेही पुरले. मराठीत असे का घडू नये? भजनी ठेक्याचा किंवा धुमाळीचा पायाच बदलणारी एखादी स्टाइल मराठी वादकाने का बसवू नये? वरच्या दर्जाच्या अरेंजरमध्ये स्वतःची स्टाइल बनवण्याची सोय असते. भारतीय ठेक्यांचे तयार संच विकतही मिळतात. विकत घेतलेले संच वाजवण्यापेक्षा आपल्या भागातल्या ढोलकीवाल्याला बसवून त्याच्याकडून ठेका समजून घेणे आणि मग तो यंत्रात उतरवणे, हा मार्ग कष्टाचा आहे, पण साथीदाराला मान आणि मोबदला देणाराही आहे.

दुर्दैवाने बाजाराची रचना उलटी आहे. स्वस्त वाद्यात शेकडो स्टाइल दिलेल्या असतात आणि त्यांतली एकही बदलता येत नाही. किंमत वाढते तसतसा बदलण्याचा हक्क वाढतो. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्याला निवड अधिक दिसते आणि स्वातंत्र्य कमी मिळते. माहितीपत्रकावरचे आवाजांचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवले, तर फसगत टळेल. दोनशे न बदलणाऱ्या स्टाइलपेक्षा वीस बदलता येणाऱ्या स्टाइल बऱ्या. वापरलेले परंतु वरच्या दर्जाचे वाद्य हे नव्या कोऱ्या प्राथमिक वाद्यापेक्षा पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. मात्र त्याच्या पट्ट्या आणि जोडणीची छिद्रे तपासून घ्यावीत.

दुकानात गेल्यावर विक्रेता आधी प्रात्यक्षिकाचे बटण दाबतो आणि वाद्यवृंद दणाणू लागतो. तो वाजू द्यावा, संपू द्यावा, आणि मग साथ पूर्ण बंद करायला सांगून आपल्याला मनापासून येणारे एखादे पद एकेका सुराने वाजवावे. नुसता सूर ऐकवत नसेल, तर वरची साथ त्याला झाकील, सुधारणार नाही. मग तंबोरा लावून गंधारावर थांबावे. नंतर ठेका लावावा आणि ओळ मुद्दाम एका शब्दावर लांबवून पाहावी. वाद्य आपल्यासाठी थांबणार नाही हे माहीतच आहे, पण त्याला थांबवण्याची कळ बोटाशी आहे की नाही हे त्या वेळी कळेल. ती कळ जवळ असेल, तर ते वाद्य घरी न्यायला हरकत नाही.